अमूर्त चित्रकलेतील पूर्वसूरींचा अभ्यास

आधीच्या एखाद्या चित्रकाराने रंग, रेषा आणि अवकाश यांविषयी घेतलेले निर्णय समजून घेऊन ते आपल्या अमूर्त चित्रात, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या चित्रात, कामाला लावणे. समोर बसलेली व्यक्ती किंवा खिडकीबाहेरचे दृश्य रंगवणाऱ्याला आपले कुठे चुकले हे त्या वस्तूकडे पाहून ताडता येते. अमूर्त चित्रकाराला ही सोय नाही. निळ्याशेजारचा पिवळा जास्त झाला की कमी पडला, हे सांगणारे बाहेर काहीच नसते. अशा वेळी ताडून पाहायला उरते ते दुसऱ्या कोणाचे तरी चित्र. ज्याच्याकडून शिकायचे तो स्वतः अमूर्त चित्रकार असावा लागत नाही. पुष्कळदा तो नसतोच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली (जन्म १९३१) यांचे. १९५९ मध्ये त्यांनी शुद्ध रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी मांडून चित्र उभारणारे फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा (१८५९–९१) यांच्या, पॅरिसजवळच्या कूर्बव्हाच्या पुलाच्या चित्राची नक्कल केली. १८८६–८७ मधले हे मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे आणि ते जेमतेम ४६ × ५५ सेंमी. भरते. रायली यांनी मात्र पुस्तकातल्या छापील चित्रावरून काम केले आणि आपली नक्कल मुळापेक्षा बरीच मोठी काढली. तेव्हा ठिपक्याला ठिपका जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. सरा यांच्या चित्रात नदीचा काठ आहे, डोलकाठ्या आहेत, धुराडे आहे. पण कोणत्याच वस्तूला एकच एक ठरलेला रंग नाही. प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांच्या आधाराने उजळतो किंवा विझतो. हे डोळ्यांना कळणे वेगळे आणि हाताला कळणे वेगळे. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवावे लागते, की हा रंग इथेच का? पुढचा ठिपका पडला की मागचा बदलतो, आणि ब्रश हातात असल्याशिवाय ही गोष्ट पुरती पटत नाही.

नंतर जे घडले ते या विषयात फार मोलाचे आहे. १९६० मध्ये रायली यांनी सरा यांच्या पद्धतीने एक निसर्गचित्र केले, आणि १९६१ मध्ये ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र आले ते निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. त्यात चौकोन अरुंद होत जातात आणि सपाट पृष्ठभाग आत वळल्यासारखा भासतो. रंगाच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाकडून घेतलेला धडा पहिल्यांदा उमटला तो रंगाशिवाय! पण सूत्र तेच होते: शेजार बदलला की आकाराचे वागणे बदलते. रंग त्यांच्या अमूर्त चित्रांत १९६७ च्या सुमारास आला. शिकलेले लगेच आणि त्याच रूपात दिसले पाहिजे ही अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. कोर्टोल्ड गॅलरीने २०१५ मध्ये मूळ चित्र आणि ही नक्कल एकाच प्रदर्शनात मांडली.

नक्कल न करताही हा अभ्यास होतो. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न (१९२२–९३) यांनी १९६४ मध्ये सोव्हिएत संघातल्या संग्रहालयांत फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांची चित्रे पाहिली आणि १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या प्रदर्शनात पुन्हा पाहिली. मातीस यांचे १९१४ चे, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. जवळजवळ सगळा कॅनव्हास निळा. चर्च म्हणजे काही काळ्या रेषा, शेजारी हिरवा ठिपका, आणि निळ्याखालून डोकावणाऱ्या, आधी काढून मग बदललेल्या रेषा. ही खोडाखोड मातीस यांनी झाकली नाही. डीबेनकॉर्न यांनी १९६७ पासून सुमारे दोन दशके ‘ओशन पार्क’ मालिका रंगवली. तिच्यातही पुसट रंगथरांखाली आधीच्या रेषा तशाच ठेवलेल्या दिसतात. चित्र कसे ठरत गेले हेच चित्रात राहू द्यायचे, ही मुभा त्यांना मातीस यांच्या कामात सापडली असे म्हणता येईल.

छापील प्रतीवरून रायली शिकल्या हे खरे, तरी छपाईत आकारमान, पोत आणि रंगाचा थर हरवतो. खोडाखोडीसारख्या गोष्टींसाठी मूळ चित्रासमोर उभे राहण्याला पर्याय नाही.

भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्यावर स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्ले यांचा प्रभाव होता. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांत मात्र क्ले यांची चिन्हे शोधून सापडत नाहीत, आणि हे चांगल्या शिष्यत्वाचे लक्षण मानावे.

कधी तंत्रच वारशाने मिळते. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर रंग ओतत. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर (१९२८–२०११) यांनी जमिनीवर रंगवण्याची ती रीत घेतली, पण दाट रंग सोडला. १९५२ मधल्या ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रात त्यांनी टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर ओतला; तो कापडात मुरला आणि डाग हाच आकार झाला. १९५३ मध्ये मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड हे अमेरिकन चित्रकार फ्रँकेन्थेलर यांच्या स्टुडिओत हे चित्र पाहायला गेले. लुई यांचा जन्म १९१२ चा, म्हणजे ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यापेक्षा ते सोळा वर्षांनी मोठे. पूर्वसूरी वयाने मोठाच असतो असे नाही. लुई यांनी पुढे १९५५–५७ मधली आपली बरीच चित्रे नष्ट केली आणि पातळ ॲक्रिलिक रंग कच्च्या कॅनव्हासवरून ओघळू देण्याची स्वतःची रीत बसवली. तिच्यात ब्रशचा फराटा दिसतच नाही.