हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ (कोकण)

शस्त्रक्रियेत किंवा बायॉप्सीत काढलेल्या ऊतकावर प्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे काप तयार करणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ. गाठ साधी आहे की कर्करोगाची, आतड्यात क्षय आहे का, काढलेल्या गर्भपिशवीत काय निघाले, याचे निदान विकृतिविज्ञानतज्ज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट करतो. मात्र तो जी स्लाइड पाहतो ती तंत्रज्ञाच्या हातची असते. रक्ताचा नमुना बिघडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचता येते. ऊतकाचे तसे नाही. तोंडातून काढलेला तीन-चार मिलिमीटरांचा तुकडा वाया गेला तर रुग्णाला पुन्हा त्याच दुखण्यातून जावे लागते, आणि काढून टाकलेला अवयव तर पुन्हा मिळतच नाही. म्हणून या कामात घाईला जागा नाही.

कामाच्या पायऱ्या जगभर सारख्याच आहेत. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मात्र त्या पार पाडताना दमट हवा, जांभ्या दगडातले पाणी, पावसाळ्यात जाणारी वीज आणि मोठ्या केंद्रांपासूनचे अंतर या चार गोष्टी पदोपदी आड येतात. या नोंदीत त्या अंगाने माहिती दिली आहे.

स्थिरीकरण : शरीरातून बाहेर काढताच ऊतक सडू लागते. ते थांबवण्यासाठी फॉर्मेलिन वापरतात. फ्रँकफर्टमधील डॉक्टर फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये फॉर्मेलिनचा हा गुण ओळखला. जंतुनाशक म्हणून त्याची चाचणी घेत असताना स्वतःच्या बोटांची कातडी ताठ झालेली त्यांच्या ध्यानात आली होती. आज वापरले जाणारे १० टक्के बफरयुक्त फॉर्मेलिन म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. ऊतकाच्या किमान दहापट फॉर्मेलिन बाटलीत असावे लागते. ते आत मुरण्याचा वेग सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर असतो आणि खोल जावे तसा कमी होतो. मोठी सुरमई खारवताना ती चिरून मीठ आतपर्यंत पोचवावे लागते; नुसते वरून चोळले तर मधला भाग नासतो. गर्भपिशवी किंवा स्तन न चिरता बाटलीत टाकला तर नेमके हेच होते. बाहेरचा थर टणक होतो आणि आतला, बहुधा गाठीचाच भाग, मऊ पडून कुजतो.

कोकणात ही पायरी बहुतेक वेळा प्रयोगशाळेबाहेर, तालुक्याच्या लहान रुग्णालयात पार पडते. तिथून बाटली कुरियरने, एसटीच्या गाडीने किंवा रुग्णाच्या नातेवाइकाच्या पिशवीतून येते. नमुना सलाइनमध्ये घातलेला असणे, बाटलीवर नाव नसणे, अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ असताना कोंबलेला तुकडा टणक होऊन अडकून बसणे, हे प्रकार प्रत्येक तंत्रज्ञाने पाहिलेले असतात. ‘औषध वाटेत सांडला, म्हणान नळाचा पाणी घातलंय,’ असे एखादा माणूस भाबडेपणाने सांगतो, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. बाटली हातात देताना त्याला कोणी काही समजावलेलेच नसते. म्हणून चांगला तंत्रज्ञ आसपासच्या रुग्णालयांना रुंद तोंडाच्या, फॉर्मेलिन भरलेल्या बाटल्या आधीच पोचवतो आणि तिथल्या सिस्टरशी फोनवर बोलतो. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही यंत्रापेक्षा या फोनने निदान अधिक सुधारते.

स्तनाच्या कर्करोगात हे विशेष महत्त्वाचे ठरते. त्या ऊतकावर पुढे संप्रेरक ग्राहींच्या (संप्रेरके पकडणाऱ्या, पेशींतल्या प्रथिनांच्या) आणि हर-टू या प्रथिनाच्या चाचण्या होतात, आणि कोणते औषध लागू पडेल ते त्यांवर ठरते. त्यासाठी नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे आणि तिथे ६ ते ७२ तास राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. चाचणी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली तरी तिच्या खरेपणाची सुरुवात कणकवलीच्या किंवा दापोलीच्या ऑपरेशन थिएटरात झालेली असते.

नमुना आल्यावर पॅथॉलॉजिस्ट त्याचे माप घेतो, वर्णन करतो, कडांना शाई लावतो आणि निवडक भागांचे तीन-चार मिलिमीटर जाडीचे तुकडे कापतो. याला ग्रॉसिंग म्हणतात. तंत्रज्ञ बाजूला उभा राहून तुकडे जाळीदार प्लॅस्टिक कॅसेटमध्ये घालतो. कॅसेटवर क्रमांक शिसपेन्सिलीने लिहितात, कारण साध्या पेनाची शाई पुढच्या अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. क्रमांकांची अदलाबदल म्हणजे एकाचा कर्करोग दुसऱ्याच्या नावावर. म्हणून बाटली, अर्ज आणि कॅसेट या तिन्हींवरचा क्रमांक मोठ्याने वाचून पडताळण्याची पद्धत चांगली.

प्रक्रिया आणि ब्लॉक : ऊतकातले पाणी काढून त्या जागी मेण भरल्याशिवाय पातळ काप निघत नाही. कॅसेट चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून, मग झायलीन या अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणाऱ्या द्रावकामधून आणि शेवटी ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या पॅराफिन मेणातून नेतात. स्वयंचलित टिश्यू प्रोसेसर हे काम रात्रभरात करतो.

इथे कोकणची हवा आड येते. पावसाळ्यात किनारपट्टीवरील हवेची आर्द्रता अनेकदा नव्वद टक्क्यांपुढे असते, आणि शुद्ध अल्कोहोल हवेतले पाणी ओढून घेते. पुण्यात ठरावीक दिवस चालणारे अल्कोहोल जुलैतल्या रत्नागिरीत त्याआधीच निकामी होते. शेवटच्या अल्कोहोलच्या बरणीत तळाशी निर्जल मोरचुदाचा पांढरा थर ठेवण्याची जुनी युक्ती त्यामुळे इथे फार उपयोगी पडते. पाणी शिरले की तो थर निळा होतो. कोपऱ्यातून निळी छटा चढू लागली की ठरलेला दिवस न पाहता बरणी बदलायची. तरीही पाणी राहिलेच तर झायलीन दुधाळ होते, मेण आत शिरत नाही आणि कापताना तुकडा मधूनच निखळून पडतो.

वीज हा दुसरा प्रश्न. जुन्या, गोल फिरणाऱ्या प्रोसेसरमध्ये कॅसेटची टोपली एका बरणीतून उचलून पुढच्या बरणीत सोडली जाते. टोपली वर असताना वीज गेली तर ती तशीच लटकते आणि रात्रभरात ऊतक सुकून जाते. टोपली बरणीत असेल तर नुकसान बरेच कमी होते, आणि गोठलेले मेण पुन्हा वितळवता येते. म्हणून यंत्राला बॅटरीचा आधार लागतोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकले, तेव्हा रायगडच्या आणि उत्तर रत्नागिरीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वादळाची सूचना असेल तर नवी फेरी सुरू न करता नमुने फॉर्मेलिनमध्येच ठेवणे शहाणपणाचे. अर्धवट प्रक्रियेपेक्षा तिथे ते अधिक सुरक्षित असतात.

मेण भरलेला तुकडा साच्यात ठेवून त्यावर वितळलेले मेण ओततात आणि थंड पाटावर गोठवतात. हाच ब्लॉक. तुकडा साच्यात कसा ठेवला यावर बरेच काही ठरते, आणि हे हाताचे कौशल्य आहे. तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. तंबाखू, मशेरी आणि सुपारी यांमुळे कोकणातल्या प्रयोगशाळांत गालाच्या आणि जिभेच्या बायॉप्सी नेहमी येतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, पण तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. अशा तुकड्याची एक बाजू गुळगुळीत, पांढुरकी असते. ते वरचे अस्तर. चिमटा किंचित गरम करून तुकडा असा उभा करावा लागतो की कापात अस्तर, त्याखालचा थर आणि स्नायू एकाखाली एक दिसतील. आडवा पडला तर अस्तराचे तिरके बेट तेवढे दिसते. रोग खाली उतरला आहे की वरच थांबला आहे, हे मग सांगता येत नाही. २०१८ पासून लागू झालेल्या कर्करोगाच्या टप्प्यांच्या वर्गीकरणात तोंडाच्या गाठीची खोली मोजावी लागते, आणि ५ व १० मिलिमीटर या तिच्या सीमा आहेत. चुकीच्या दिशेने बसवलेल्या ब्लॉकमधून ही खोली खरी मिळत नाही.

काप : ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढण्याच्या यंत्रावर, लावतात. चाक फिरवले की ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप निघतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकाला एक चिकटत कापांची रिबन तयार होते. ती कुंचल्याने उचलून ४५ अंशांच्या आसपास ठेवलेल्या कोमट पाण्यावर सोडतात, सुरकुत्या उलगडल्या की काचेच्या पट्टीवर घेतात. पात्याला बारीक खाच असेल तर कापावर उभी चीर उमटते, पाते सैल असेल तर आडव्या लाटा. आधीच्या रुग्णाच्या ऊतकाचा कण पाण्यावर तरंगत राहिला तर तो पुढच्याच्या स्लाइडवर चढतो, म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिपकागदाने पुसून घेतात. चाक फिरवताना काय घडते आहे हे अनुभवी तंत्रज्ञाला आवाजावरून कळते.

पावसाळ्यात स्लाइड वाळत नाहीत. ओल राहिलेला काप रंग देताना काचेवरून सुटून वाहून जातो, म्हणून हॉट प्लेटवर त्या जास्त वेळ ठेवाव्या लागतात. काप चिकटवण्यासाठीच्या अंड्याच्या पांढऱ्यात थायमॉलचा खडा घातला नाही तर बुरशी धरते. तिचे धागे स्लाइडवर आले की रुग्णालाच बुरशीचा रोग असल्याचा भास होऊ शकतो.

रंजन : नेहमीची पद्धत हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिनची. पेशींची केंद्रके निळी-जांभळी, बाकीचा भाग गुलाबी. हिमॅटॉक्सिलीन मेक्सिकोतल्या कांपेचे भागातील एका झाडाच्या लाकडापासून मिळते, आणि तुरटीच्या क्षाराशिवाय ते ऊतकाला धरत नाही. रंग दिल्यावर केंद्रके आधी तांबूस दिसतात. सौम्य अल्कधर्मी पाण्यात धुतल्यावर निळी होतात. पाठ्यपुस्तके ‘वाहत्या नळाच्या पाण्यात पाच मिनिटे’ एवढेच सांगतात. ते क्षारयुक्त पाण्याच्या शहरांसाठी ठीक आहे. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मृदू आणि बहुधा किंचित आम्लधर्मी असते, त्यात केंद्रके कितीही वेळ ठेवली तरी तांबूसच राहतात. नवशिक्या मग रंगाच्या बाटलीला दोष देतो. लिथियम कार्बोनेटचे पातळ द्रावण किंवा पाण्यात अमोनियाचे काही थेंब एवढ्याने काम होते.

क्षयाचे जंतू दाखवण्यासाठी झील-नील्सन, कुष्ठरोगासाठी फाइट-फराको, बुरशीसाठी ‘पास’ (पीएएस) अशी विशेष रंजने असतात. हाड आणि दात आधी आम्लात मऊ करावे लागतात. शस्त्रक्रिया चालू असताना ऊतक गोठवून वीस-एक मिनिटांत उत्तर देण्याची फ्रोझन सेक्शनची सोय मात्र मोठ्या रुग्णालयांपुरतीच असते.

हे काम आरोग्याला निरुपद्रवी नाही. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि डोळ्यांची आग हा रोजचा अनुभव आहे. धुवांधार पावसात खिडक्या बंद कराव्या लागतात, म्हणून कोकणातल्या प्रयोगशाळेत बाहेर हवा फेकणारा पंखा ही चैन नव्हे. तो नसेल तर तंत्रज्ञाने तो मागितलाच पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे उरलेले ऊतक पिवळ्या पिशवीत जाते. वापरलेले फॉर्मेलिनही पिवळ्या वर्गातलेच. ते गटारात ओतायचे नाही.

शिक्षण बारावी विज्ञानानंतर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका), बीएस्सी किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) अभ्यासक्रम असे आहे. पदविकेत रक्त-लघवीच्या तपासण्यांना मोठा वाटा मिळतो, मायक्रोटोमला थोडा. खरे शिक्षण एखाद्या जुन्या तंत्रज्ञाशेजारी बसूनच होते. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदा २०२१ मध्ये आला. डेरवणचे वालावलकर रुग्णालय, पडव्याचे वैद्यकीय महाविद्यालय आणि अलीकडे अलिबाग, रत्नागिरी व सिंधुदुर्गनगरी येथे सुरू झालेली शासकीय महाविद्यालये यांमुळे शिकण्याच्या आणि नोकरीच्या जागा जिल्ह्यांतच तयार होत आहेत.

तरी पुढच्या चाचण्यांसाठी ब्लॉक बाहेर जातातच: मुंबईला, कोल्हापूरला, दक्षिण सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला. बहुधा रुग्णाचे घरचेच ते घेऊन कोकण रेल्वेत बसतात. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण मऊ पडते, हे त्यांना सांगावे लागते. पुरात भिजले तर मेणाला पाण्याने फारसे काही होत नाही, पण रजिस्टरचा लगदा होतो आणि मग कोणता ब्लॉक कोणाचा हेच कळत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाल्यानंतर नोंदी तळमजल्यावर न ठेवण्याचे कारण कोणाला समजावावे लागू नये. ब्लॉक देताना क्रमांक, संख्या, तारीख आणि नेणाऱ्याची सही घेतात, आणि एकाहून अधिक ब्लॉक असतील तर गाठीचा निदान एक प्रयोगशाळेतच ठेवतात.