प्लाकमध्ये काय भरलंय हे मोजायची युक्ती आली दगडांच्या अभ्यासातून

अँजिओग्राफी झाली की घरात आणि मग अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच आकडा फिरतो, सत्तर टक्के ब्लॉकेज, नव्वद टक्के ब्लॉकेज. पण तो आकडा नळी किती अरुंद झाली तेवढंच सांगतो, आत साठलेला थर, म्हणजे प्लाक, कशाचा बनलाय ते नाही. चरबी किती, कोलॅजेन (घट्ट तंतूंचं प्रथिन) किती, कॅल्शियम किती हे नीट बघायचं तर धमनीचा पातळ काप मायक्रोस्कोपखालीच घ्यावा लागतो.

खरं तर प्लाक म्हणजे मऊ आणि कडक अशा दोन गोष्टींचं मिश्रण हे या आजाराच्या नावातच आहे. १९०४ मध्ये जर्मनीत मार्शांनी अथेरोस्क्लेरोसिस हा शब्द काढला, ग्रीकमध्ये अथेरे म्हणजे लापशी आणि स्क्लेरोसिस म्हणजे कडक होणं. मग १९१० मध्ये विंडाउस या केमिस्टने महाधमनीतल्या प्लाकचं केमिकल अ‍ॅनालिसिस केलं तर एस्टर रूपातलं (फॅटी आम्लाला जोडलेलं) कोलेस्टेरॉल निरोगी धमनीच्या वीसएक पट निघालं. मोठाच शोध, पण प्लाक विरघळवून तपासला की किती आहे ते कळतं, कुठे होतं ते गेलं.

जागा आणि प्रमाण दोन्ही एकत्र हवं असेल तर काय करायचं, तर याचं उत्तर १८४७ सालीच पॅरिसमध्ये तयार होतं आणि ते देणारा माणूस डॉक्टर नव्हताच! देलेस नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ. त्याने सांगितलं की खडकाच्या सपाट कापावर एखाद्या खनिजाने जितके टक्के जागा व्यापली असेल, सरासरीने तितकाच त्याचा वाटा अख्ख्या खडकात असतो. तो खनिजांचे आकार ट्रेस करायचा, पातळ धातूच्या पत्र्यातून कापायचा आणि तुकडे चक्क तराजूत टाकायचा. पुढे १९३३ मध्ये ग्लागोलेव्हने, तोही दगडवालाच, हे अजून सोपं केलं, कापावर ठिपक्यांची जाळी टाका आणि कुठल्या खनिजावर किती ठिपके पडले ते मोजा, बस. दहा वर्षांनी चाल्कली या शास्त्रज्ञाने हीच आयडिया पेशींवर वापरली आणि ठिपके मोजणं पॅथॉलॉजीत आलं.

मशीनचंही तसंच. क्वांटिमेट हे इमेज मोजणारं यंत्र १९६३ मध्ये केंब्रिजच्या एका कंपनीने काढलं ते पोलादातला कचरा मोजायला, त्याला करड्या छटा कळायच्या. प्लाकमध्ये मात्र चरबी, कोलॅजेन वेगवेगळ्या रंगांनी रंगवून ओळखायचं, म्हणजे सगळा खेळ रंगांचा, आणि खरी डोकेदुखी इथेच आहे. नेहमीसारखा पॅराफिन ब्लॉक केला, म्हणजे टिश्यू मेणात बसवला, की प्रोसेसिंगमधल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी धुऊन जाते, स्लाइडवर कोलेस्टेरॉलच्या क्रिस्टलच्या जागी सुईसारख्या रिकाम्या फटी उरतात, म्हणून ऑइल रेड ओ, म्हणजे चरबी लाल करणारा रंग, वापरायचा तर फ्रोझन सेक्शनच, म्हणजे गोठवून घेतलेला काप, हवा. कॅल्शियम जास्त असेल तर काप फाटतो, म्हणून आधी अ‍ॅसिडने काढून टाका, की मग मोजायला कॅल्शियमच नाही. कोलॅजेनचं त्यामानाने बरं आहे, १९७९ मध्ये ब्राझीलच्या जुंक्वेरांनी पिक्रोसिरियस रेड हा रंग आणि पोलराइज्ड लाइट (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश) यांची पद्धत मांडली, त्यात कोलॅजेन काळ्या बॅकग्राउंडवर झळकतं.

१९८७ च्या सुमारास अमेरिकेत वेन रासबँडने एनआयएच इमेज हे फोटोवरून मोजमाप करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, १९९७ मध्ये इमेजजे आलं, दोन्ही फुकट, त्यामुळे छोट्या लॅबलाही हे जमायला लागलं. पण लाल नेमकं कुठून सुरू झालं म्हणायचं ती थ्रेशोल्ड जर नजरेने ठरवली, तर स्लायडर जरा सरकवला की चरबीचे टक्के बदलतात, आणि पेपरात आकडा मात्र दशांश चिन्हासकट छापून येतो.

तरी या मोजमापानेच चित्र पालटलं. १९८७ मध्ये शिकागोच्या ग्लागोव्हनी दाखवलं की प्लाक वाढताना धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि साधारण ४० टक्के जागा भरेपर्यंत आतली वाट तशीच राहू शकते, म्हणजे अँजिओ नॉर्मल आणि प्लाक भरपूर. १९९३ मध्ये लंडनच्या डेव्हिसना ज्या प्लाकमध्ये चरबीचा साठा ४० टक्क्यांच्या वर तिथे गुठळीचा धोका जास्त दिसला. आणि १९९७ मध्ये बर्क, रेणू विरमाणी आणि सहकाऱ्यांनी अचानक हृदयविकाराने गेलेल्या ११३ पुरुषांच्या धमन्या तपासल्या, फुटलेल्या प्लाकमधल्या चरबीवरचं आवरण बहुतेक ठिकाणी ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ, म्हणजे जेमतेम केसाएवढं. पातळ आवरणाची व्याख्या म्हणून हाच ६५ चा आकडा आजही चालतो, जिवंत पेशंटच्या धमनीत ओसीटीचा (प्रकाशाने आतलं चित्र काढणाऱ्या तंत्राचा) कॅमेरा घालून बघतानासुद्धा, आणि तो आलाय मृत, प्रोसेसिंगमध्ये आक्रसलेल्या टिश्यूवरून.