लिंगभाव ओळख आणि भेदभावबंदीचा कायदा

आपण पुरुष, स्त्री की या दोहोंपलीकडचे, याची माणसाला स्वतःला असलेली जाणीव म्हणजे लिंगभाव ओळख. जन्मावेळच्या नोंदीशी ती जुळतेच असे नाही. या ओळखीवरून कोणाला कामावरून काढले किंवा प्रवेश नाकारला, तर कायदा पाठीशी उभा राहतो का, हे ठरवताना न्यायालय आधी कायद्याचा मजकूर पाहते. कॅनडाने २०१७ साली आपल्या मानवी हक्क कायद्यात हा आधार नाव घेऊन घातला. खरा पेच पडतो तो कायद्यात नुसता ‘लिंग’ हा शब्द असतो तेव्हा.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीसंबंधी हाच शब्द आहे. १९८४ मध्ये एका पारलिंगी (म्हणजे जन्मनोंदीपेक्षा वेगळी लिंगभाव ओळख असलेल्या) महिला वैमानिकाच्या खटल्यात अपील न्यायालयाने तो रूढ अर्थापुरताच धरला आणि दाद नाकारली. प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण संस्थेविरुद्धच्या १९८९ च्या खटल्याने दार किलकिले झाले. भागीदारी हवी तर चालणेबोलणे बायकी ठेवा, मेकअप करा, दागिने घाला, असे एका कर्तबगार महिलेला सांगण्यात आले होते. बाईने कसे असावे या साचेबंद कल्पनेतून झालेला अन्याय हाही लिंगाधारित भेदभावच, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

एमी स्टीफन्स या अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेत जवळजवळ सहा वर्षे नोकरीला होत्या. २०१३ मध्ये त्यांनी मालकाला पत्र दिले : सुटीवरून परतल्यावर मी स्त्री म्हणून, स्त्रियांच्या पोशाखात कामावर येईन. नोकरी गेली. समलैंगिक असल्यामुळे नोकरी गेलेल्या बॉस्टॉक यांच्या खटल्यासोबत त्यांच्या प्रकरणाचाही निकाल सर्वोच्च न्यायालयात १५ जून २०२० रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी लागला. न्या. नील गॉर्सच यांची कसोटी अशी : बाकी सारे तसेच ठेवून फक्त लिंग बदलून पाहा. तीच कर्मचारी जन्मनोंदीने स्त्री असती, तर तिच्या पोशाखाला कोणी हरकत घेतली नसती. म्हणजे काढण्यामागे लिंग हे कारण आहेच. १९६४ साली हा परिणाम कोणाच्या ध्यानात नसला, तरी मजकूर तोच राहतो. या विषयातला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच म्हणावा लागेल. निकाल ऐकायला स्टीफन्स नव्हत्या; १२ मे रोजीच त्यांचे निधन झाले होते.

तुलना कोणाशी करायची, यावरही बरेच अवलंबून असते. लिंगबदल करणाऱ्या स्त्रीलाही आणि पुरुषालाही सारखेच काढले असते, मग भेदभाव कुठला, असा बचाव युरोपीय न्यायालयापुढे झाला. १९९६ मध्ये तो फेटाळला गेला. त्या व्यक्तीची तुलना तिच्या पूर्वीच्या नोंदलेल्या लिंगाच्या लोकांशी करायची, असे न्यायालयाने ठरवले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्येही ‘लिंग’ एवढेच आहे. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यात लिंगभाव ओळख येते असे सांगितले, आणि त्यासाठी प्रतिष्ठेचा व अभिव्यक्तीचा हक्कही आधाराला घेतला. लिंगभाव ओळखीच्या मान्यतेसाठी शस्त्रक्रियेची अट बेकायदा ठरली. शब्दकोशापेक्षा माणसाच्या प्रतिष्ठेपासून सुरुवात करणारी ही वाट अधिक दूर जाते. मात्र अनुच्छेद १५ चा मुख्य रोख राज्यसंस्थेवर आहे. खासगी मालकांनाही बांधणारी स्पष्ट मनाई पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने घातली.

सगळीकडे अर्थ रुंदावतच गेला असे नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये समानता कायद्यातील ‘लिंग’ म्हणजे जैविक लिंग असे ठरवले. लिंगबदलाला त्याच कायद्यात असलेले वेगळे संरक्षण कायम राहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जून २०२५ मध्ये अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवरील टेनेसी राज्याची बंदी टिकली, कारण ती वय आणि वैद्यकीय वापर यांवर बेतलेली आहे असे बहुमताने मानले. पारलिंगी व्यक्तींना वेगळी वागणूक देणाऱ्या कायद्यांची अधिक कडक छाननी व्हावी का, हा प्रश्न त्या निकालाने खुला ठेवला.