गर्भपात आणि संततिनियमन (मुंबई)

गर्भ आपोआप पडणे आणि तो ठरवून काढणे या दोन्हींना मराठीत ‘गर्भपात’ हा एकच शब्द आहे. बायकांच्या बोलण्यात फरक असतो: ‘पोट पडलं’ वेगळे, ‘मूल पाडलं’ वेगळे. दवाखान्यात मात्र तो पुसला जातो. केसपेपरच्या कोपऱ्यात ‘जी3 पी1 ए1’ असे लिहितात, म्हणजे तिसऱ्यांदा दिवस राहिले, एक बाळंतपण, एक अबॉर्शन. त्यातला ‘ए’ आपोआप झालेला की करवून घेतलेला, ते त्या खुणेवरून कळत नाही. हवे असलेले मूल गेले तरी सोनोग्राफीच्या कागदावर ‘मिस्ड अबॉर्शन’ (गर्भ पोटातच दगावला, पण बाहेर पडला नाही) असे छापून येते, आणि घरात कुणीतरी विचारतेच, ‘करायला कुणी सांगितलं होतं?’

दिवस राहिल्याचे कळलेल्या गर्भांपैकी साधारण 10 ते 20 टक्के आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांत. सर्वांत मोठे कारण गुणसूत्रांतला बिघाड. पपई आणि लोकलचे धक्के यांच्यावर नाहक आळ येतो, आणि तो फिरून बाईवरच. उपचार तीन: वाट पाहणे, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा पिशवी साफ करणे. सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजतील इतके रक्त जाणे, ताप, चक्कर किंवा एका बाजूला तीव्र दुखणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत राहिला असेल तर उशीर जिवावर बेततो.

संततिनियमनाच्या इतिहासात मुंबईचा मान मोठा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये इथे संततिनियमन केंद्र काढले. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी याच कामापायी गेली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. 1949 मध्ये फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया याच शहरात सुरू झाली. धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया तिच्या संस्थापक. सरकारी कार्यक्रम 1952 चा, म्हणजे कर्व्यांच्या तीन दशकांनंतरचा. आज सरकारी केंद्रांत निरोध, माला-एन ही रोजची गोळी, आठवड्याची ‘छाया’ गोळी, तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तांबी मोफत मिळतात. तांबी म्हणजे कॉपर-टी. तिचा 380-ए हा प्रकार दहा वर्षे चालतो. नसबंदी पुरुषाची सोपी, तरी ऑपरेशनला जाते ती बहुधा बायकोच.

गर्भपात कायदेशीर व्हावा असे सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. पुढे लोकलच्या डब्यांत गर्भपाताची पत्रके चिकटलेली दिसू लागली. लाज बाळगणाऱ्या शहरात ती सगळ्यांनी उभ्या-उभ्या वाचली. 2008 मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात दोष आढळल्याने, 20 आठवड्यांच्या मर्यादेनंतरची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी 24 पर्यंत दोन डॉक्टरांचे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवते. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे कारण पूर्वी फक्त विवाहितेला चाले, आता अविवाहितेलाही चालते. 18 पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, काही दवाखाने मागतात.

नऊ आठवड्यांपर्यंत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. त्या परस्पर मेडिकलमधून आणल्या तर गर्भ नळीत आहे का आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे का, हे दोन प्रश्न कुणी विचारलेले नसतात. लिंग पाहून केलेला गर्भपात वैद्यकीय गर्भपात कायद्यात बसत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने 1988 मध्येच वेगळा कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात आपोआप झालेल्या आणि करवून घेतलेल्या, दोन्ही गर्भपातांना सहा आठवड्यांची पगारी रजा होती. 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्यासाठी पुरावा म्हणून वैद्यकीय कागद लागतो, आणि त्यावर पुन्हा तोच शब्द असतो. तो ऑफिसात दाखवण्यापेक्षा पुष्कळजणी साधी आजारपणाची रजा टाकतात आणि चौथ्या दिवशी लोकल पकडतात.