टिश्यूचं रोप व्हायरसमुक्त असतं, रोगप्रतिकारक नसतं

केळीच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, हरण्या हा व्हायरसचा रोग दिसला की जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात हमखास कानावर येतं, 'टिश्यूची रोपं लावली, तरी रोग आलाच कसा? रोपंच खराब निघाली.' टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली, रोपं कधीकधी खराब असतातही. पण बहुतेक वेळा इथे दोन वेगळ्या गुणांची गल्लत झालेली असते, आणि ती महागात पडते.

व्हायरसमुक्त ही रोपाची त्या दिवसाची अवस्था आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 साली टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणीकरण सुरू केलं. त्यात केळीची तपासणी कुकुंबर मोझॅक म्हणजे आपला हरण्या, पर्णगुच्छ, स्ट्रीक आणि ब्रॅक्ट मोझॅक या व्हायरससाठी होते. अहवाल खरा असतो, पण तो रोप शेतात येण्याआधीचा. पुढे बांधावरच्या रोगट तणावर किंवा काकडीच्या वेलावर सोंड खुपसून आलेला मावा केळीवर बसतो. हरण्याचा व्हायरस त्याच्या सोंडेला चिकटलेला असतो आणि तो पानात उतरायला काही सेकंद पुरतात. फवारणीने मावा मरेल, पण तोवर लागण होऊन गेलेली असते. म्हणून नुसत्या औषधावर हा रोग आटोक्यात येत नाही.

रोगप्रतिकारकता रोपाच्या जनुकांत असते. व्हायरस आत शिरला तरी त्याला तिथे नीट वाढता येत नाही. भेंडीत पिवळ्या शिरांच्या मोझॅकपुढे पुसा सावनी ही जात हतबल झाली, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा रानभेंडीशी संकर करून परभणी क्रांती काढली. प्रतिकार रानातल्या नात्यातून आला. तोही कायमचा नसतो. व्हायरस बदलत राहतो. पण बियाण्याच्या पिकात निदान ही वाट मोकळी असते.

केळीत ती फार अरुंद आहे. आज लावतो त्या ग्रँड नैन जातीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, बी धरत नाही, त्यामुळे संकर करणं अतिशय अवघड. तालुकाभर जी बाग उभी आहे ती जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकच झाड आहे. एकाला हरण्या होऊ शकतो, तर सगळ्यांनाच होऊ शकतो. बसराई-श्रीमंती या जुन्या जातींचे कंद लावत होतो तेव्हाही बाग एकसारखीच होती, आणि कंदासोबत व्हायरसही गावोगाव फिरत होता. ते टिश्यूने थांबवलं. हा उपकार मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

बाकीचं काम लागवडीनंतरचं, आणि ते आपलं. नवतीत, म्हणजे नव्या लागवडीच्या बागेत, काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांचं आंतरपीक नको. बांध तणमुक्त हवेत. पानांवर पट्टे पडलेलं, पोंगा म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान सडलेलं झाड कंदासकट उपटून बागेबाहेर पुरावं. त्याचं पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, ठेवू नये. शेजाऱ्याने हेच केलं नाही तर आपली मेहनत अर्धी वाया जाते, म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात झाडं काढावीत. आणि रोपं घेताना कुणी 'रोगप्रतिकारक' म्हणालं, तर कोणत्या व्हायरसला, हे तिथेच विचारावं.