प आधी की वेलांटी आधी?

साक्षरता वर्गात साठीला टेकलेल्या एका मावशींनी मला ‘पिशवी’ या शब्दावर अडवलं. पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाल्या, “तोंडातनं प आधी निघतो, मग ही वेलांटी त्याच्या अलीकडं कशी?” मला उत्तर देता आलं नाही. लहानपणी गिरवताना हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

प्रश्न भाषाविज्ञानाचा आहे. देवनागरीत उच्चाराचा आणि लिहिण्याचा क्रम दर वेळी जुळत नाही. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, कागदावर मात्र तो रफार होऊन पुढच्या य च्या डोक्यावर बसतो. ‘घ, र’ असं सुटं वाचलं की शेवटचा अ ऐकू येतो, बोलताना तो गळतो. वऱ्हाडात जिच्या तोंडी ‘डोया’ आहे, तिला फळ्यावर ‘डोळा’ दिसतो. शिकवणाऱ्याला हे ठाऊक असेल तर तो ‘चुकलं’ म्हणायच्या आधी थांबेल.

शब्दाचे ध्वनी सुटे करता येतात, हेही कुणाला आपोआप कळत नाही. पोर्तुगालमध्ये झालेल्या आणि 1979 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरक्षर प्रौढांना शब्दातलं पहिलं व्यंजन गाळून उरलेलं म्हणायला सांगितलं. बहुतेकांना ते जमेना. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र बऱ्यापैकी जमलं. म्हणजे कान तयार होतो तो अक्षरांच्याच संगतीत. म्हणून मावशींकडून मी आता नुसतं गिरवून घेत नाही. ‘मान’मधला म काढून क लावला तर काय होईल, असं तोंडी विचारते.

“आता या वयात डोक्यात काय शिरणार?” हे वाक्य वर्गात रोज ऐकू येतं, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. त्याला मेंदूविज्ञानाने उत्तर दिलंय, तेही देवनागरीतून. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायकाच होत्या, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. 2017 साली निष्कर्ष आले. बदल फक्त मेंदूच्या वरच्या थरात झाला नव्हता. खोलवर, थॅलॅमस आणि मेंदूस्तंभातल्या दृष्टीशी संबंधित भागांचं दृश्य-केंद्राशी लयीत चालणं वाढलं होतं. तिशीतल्या मेंदूत, सहा महिन्यांत!

सगळ्यात सोपा उपाय मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसत नाही. संध्याकाळच्या मंद उजेडात बाई पुस्तक लांब धरते आणि आपण समजतो, अक्षरं विसरली. पुस्तकाआधी चष्मा द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मानववंशशास्त्राचा धडा लायबेरियातला आहे. तिथले वाई लोक आपली लिपी शाळेबाहेर शिकतात, पत्रं आणि हिशेब लिहितात. अभ्यासकांना दिसलं, की त्यामुळे सगळी बुद्धी एकदम तल्लख होत नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली, त्याच्याशी जुळणारी कौशल्यं धारदार होतात. म्हणून एसटीची पाटी, बचत गटाचं पासबुक, भजनाची वही हीच आमची पाठ्यपुस्तकं.

परवा मावशींनी ‘पिशवी’ लिहिली. डावीकडे बोटभर जागा सोडून आधी प काढला, मग मागे येऊन वेलांटी.