खुर्ची हमदोक यांची, तिजोरी लष्कराची

सुदानच्या लोकांनी १९६४ आणि १९८५ मध्ये रस्त्यावर उतरून लष्करी राजवटी उलथवल्या होत्या. दोन्ही वेळा काही वर्षांतच लष्कर परतलं. डिसेंबर २०१८ मध्ये पावाच्या दरवाढीवरून अतबरा शहरात पुन्हा भडका उडाला, तेव्हा हा इतिहास आंदोलकांना पाठ होता. म्हणूनच ११ एप्रिल २०१९ रोजी सेनापतींनी राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांना हटवल्यावरही राजधानी खार्तूममधल्या लष्करी मुख्यालयासमोरचा ठिय्या उठला नाही. ३ जूनला तो गोळ्या झाडून मोडण्यात आला.

त्या रक्तपातानंतर, १७ ऑगस्टला लष्कर आणि आंदोलकांच्या आघाडीत घटनात्मक जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. नागरी राजवटीकडे जाण्यासाठी ३९ महिन्यांचं संक्रमण आणि देशाचं प्रमुखपद सांभाळणारी अकरा जणांची सार्वभौम परिषद ठरली: पाच लष्करी, पाच नागरी, एक दोघांच्या संमतीचा. पहिले २१ महिने परिषदेचं अध्यक्षपद लष्कराकडे. पंतप्रधान झाले अब्दल्ला हमदोक, संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगात वरिष्ठ पदावर काम केलेले अर्थतज्ज्ञ. मात्र त्यांच्याच मंत्रिमंडळातले संरक्षण आणि गृहमंत्री निवडायचे लष्करी सदस्यांनी! माझ्या मते पुढच्या अपयशाचं मूळ याच कलमात आहे. शिवाय लष्कराच्या कंपन्यांचा पैसा अर्थमंत्रालयाच्या हाताला लागतच नव्हता.

तरीही हमदोक यांनी कमावलं ते थोडं नव्हतं. मार्च २०२० मध्ये त्यांच्या ताफ्यावर बॉम्बहल्ला झाला, त्यातून ते वाचले. ऑक्टोबरमध्ये बंडखोर गटांशी जुबा शांतता करार झाला. डिसेंबरमध्ये अमेरिकेने दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून सुदानचं नाव काढलं. त्यासाठी या कंगाल देशाने दहशतवादी हल्ल्यांतल्या अमेरिकी बळींसाठी ३३.५ कोटी डॉलर भरपाई मोजली. कर्जमाफीची वाट मोकळी करायला इंधनावरचं अनुदान गेलं, चलनाचं मोठं अवमूल्यन झालं. महागाईचा राग मात्र नागरी सरकारच्या वाट्याला आला.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी लष्करप्रमुख आणि सार्वभौम परिषदेचे अध्यक्ष जनरल बुरहान यांनी बंड करून हमदोक यांना ताब्यात घेतलं. २१ नोव्हेंबरला त्याच बुरहान यांच्याशी करार करून ते पंतप्रधानपदी परतले. रक्तपात थांबावा म्हणून सही केली, असं त्यांनी सांगितलं. हेतूवर मी शंका घेणार नाही, पण कालपर्यंत त्यांच्या सुटकेसाठी घोषणा देणारा रस्त्यावरचा आंदोलक त्या सहीने त्यांच्यापासून तुटला. २ जानेवारी २०२२ ला त्यांनी राजीनामा दिला.

एप्रिल २०२३ मध्ये बुरहान आणि निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेदती आपसातच भिडले. जानेवारी २०२४ मध्ये हमदोक यांनी अदिस अबाबात हेमेदतींसोबत लढाई थांबवण्यासाठीच्या जाहीरनाम्यावर सही केली, आणि लष्कराच्या समर्थकांनी त्यांना शत्रूच्या गोटात ढकललं.